तात्या विंचू, आबा टिपरे आणि आपलं करिअर

नट, लेखक आणि आवाज. कामं तीन, माणूस एक, वर्षं पन्नासहून जास्त. आणि एवढं करून ‘हाच यांचा टिपिकल रोल’ असं बोट ठेवावं तर ठेवता येत नाही! ‘आपल्यावर शिक्का बसलाय’ असं वाटणाऱ्या प्रत्येकाने दिलीप प्रभावळकरांचं करिअर एकदा नीट बघायला हवं.

रात्रीचे साडेअकरा. शाहूपुरीतल्या माझ्या खोलीबाहेर धो धो पाऊस, आत लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी बारा टक्के. आणि मित्राचा फोन.

‘भावा, झोपलास काय?’

‘नाही रे. लेख लिहितोय.’

‘राजीनामा टाइप केलाय. पाठवू काय?’

थोडी पार्श्वभूमी सांगतो. हा माझा मित्र दिवसा एका ऑफिसात कर्जाच्या फायली बघतो. रात्री आमच्याच गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत कपाटाचं दार उघडतो, त्यावर आईची गोधडी टाकतो आणि आत माइक लावून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करतो. जाहिरात, ऑडिओबुक, कार्टूनचं डबिंग... मिळेल ते काम. आवाज एकदम सॉलिड! पण त्या दिवशी एका स्टुडिओत त्याला ऐकवण्यात आलं, की तुझ्या बोलण्याला कोल्हापूरचा वास येतो, तुला पाटील नाहीतर गुंड, एवढंच देता येईल. ऑफिसात त्याच्यावर दुसराच शिक्का. ‘तो फायलींचा माणूस आहे, त्याला क्लायंटसमोर नको.’ दिवसा एक साचा, रात्री दुसरा. म्हणून राजीनामा.

अशा वेळी काय सांगायचं असतं, ते मला कधीच सुचत नाही. मी एवढंच म्हणालो, ‘सोमवारपर्यंत थांब. मी ज्यांच्यावर लिहितोय ना, ते आधी वाच.’

साच्याचं म्हणाल, तर शाहूपुरीत राहणाऱ्याला साचा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने आमच्या कुंभार गल्लीतून चालत जा. ओळीने मूर्ती वाळत ठेवलेल्या असतात. एका साच्यातून निघालेल्या वीस मूर्ती, वीसही एकसारख्या. त्यात वाईट काही नाही, धंदा तसाच चालतो. सिनेमा-नाटकाचा धंदाही तसाच चालतो. एकदा कुणी प्रेमळ मामा म्हणून चालला, की पुढची वीस वर्षं तो मामाच! आणि खरं सांगायचं तर आपल्या ऑफिसातही तेच चालतं. एकदा पीपीटी बरी केली की जन्मभर पीपीटी.

या सगळ्यात दिलीप प्रभावळकर म्हणजे केस स्टडीच.

घरातल्या तिघांना विचारा

एक छोटा खेळ करून बघा. घरातल्या तीन पिढ्यांना विचारा, ‘दिलीप प्रभावळकर म्हटल्यावर कोण डोळ्यांसमोर येतं?’

आजी म्हणेल, चिमणराव. आई म्हणेल, ‘चौकट राजा’तला नंदू, आणि पदराने डोळे पुसेल. तुमचा दादा म्हणेल, तात्या विंचू! तुम्ही म्हणाल, आबा टिपरे. मुंबई-दिल्लीतला तुमचा हिंदी भाषक रूममेट म्हणेल, ‘अरे, वो मुन्नाभाईवाले बापू?’ आणि घरातलं एखादं शाळकरी पोर २०२५ च्या ‘दशावतार’मधल्या बाबुली मेस्त्रीचं नाव घेईल.

एक भित्रट मध्यमवर्गीय कारकून. एक मोठा होऊनही लहान राहिलेला माणूस. एक खुनशी बाहुला. एक मिश्कील आजोबा. एक राष्ट्रपिता. एक लोककलावंत. या सहा जणांना एका ओळीत उभं केलं तर ते एकमेकांचे नातेवाईकही वाटणार नाहीत. कॅरॅक्टर अ‍ॅक्टर हा शब्द आपण हिरो नसलेल्या कुणालाही चिकटवतो. पण त्याचा खरा अर्थ हा आहे. माणूस मागे जातो, कॅरॅक्टर पुढे येतं.

याची किंमतही असते बरं का. लोकांना भूमिका आठवतात, नाव जिभेवर येत नाही. ‘ते हो... ते टिपरे!’ असं म्हणणारे आजही शेकड्यांनी भेटतील. आपल्या जमान्यात, जिथे प्रत्येक जण स्वतःचा ‘ब्रँड’ करायला निघालाय, तिथे ही केवढी उलटी वाट!

प्रयोगशाळा आणि प्रयोग

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं, नोकरी औषध कंपनीतली. म्हणजे अगदी तुमच्या-आमच्यासारखा नऊ ते पाचवाला माणूस. मराठीत एक मजा आहे. टेस्ट ट्यूबमध्ये करतात तोही प्रयोग आणि रंगमंचावर करतात तोही प्रयोगच. हा माणूस बरीच वर्षं दोन्ही करत होता.

नाटकातलं सुरुवातीचं घडणं झालं रत्नाकर मतकरींसोबत. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात प्रभावळकर कोण झाले होते माहितीये? चेटकीण! आणि त्याच मतकरींच्या, महाभारतातल्या म्हाताऱ्यांवरच्या ‘आरण्यक’मध्ये, १९७४ साली, ते झाले विदुर. ऐन तिशीतल्या नोकरदार तरुणाने एकीकडे मुलांना घाबरवणारी आणि हसवणारी चेटकीण करायची, दुसरीकडे युद्धानंतरच्या राखेत बसलेला म्हातारा विदुर. ‘माझी इमेज काय?’ हा प्रश्न त्यांच्या करिअरच्या पहिल्याच पानावर निकालात निघालेला दिसतो.

या विदुराची गोष्ट इथेच संपत नाही. २०१८ मध्ये, तब्बल ४४ वर्षांनी, ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आलं आणि विदुर पुन्हा प्रभावळकरच होते. तिशीत मेकअप करून आणलेलं म्हातारपण चौऱ्याहत्तराव्या वर्षी मेकअपशिवाय हजर! किती नटांना आपलीच भूमिका अशी दोन टोकांनी जगायला मिळते?

आता तुम्ही म्हणाल, ‘तेव्हा नोकऱ्या बऱ्या होत्या हो. पाच वाजता घंटा झाली की तालमीला पळता यायचं. आमच्याकडे रात्री दहाला कॉल लागतो.’ मान्य! शंभर टक्के मान्य. तो काळ जसाच्या तसा परत आणता येणार नाही. पण त्या नोकरीने काय दिलं असेल, हा प्रश्न तरी विचारू या. माझ्या मते तिने ‘नाही’ म्हणायची ताकद दिली. ज्याचं घरभाडं पुढच्या भूमिकेवर अवलंबून नसतं, त्याला मागच्यासारखीच भूमिका पुन्हा घ्यावी लागत नाही.

चिमणराव नावाची लॉटरी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ सुरू झालं. मूळ कथा चिं. वि. जोशींच्या. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. तेव्हा चॅनल एकच, त्यामुळे ज्यांच्या घरी टीव्ही ते सगळे बघणार, आणि ज्यांच्या घरी नाही ते शेजारी जाऊन बघणार. या मालिकेने प्रभावळकरांना घराघरात नेलं. १९७९ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

कोल्हापूरकरांसाठी इथे एक साइड नोट. पडद्यावरचा चिमणराव त्याआधीही गाजला होता. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ हा सिनेमा केला, तेव्हा चिमणराव होते दामुअण्णा मालवणकर. म्हणजे प्रभावळकरांसमोर एक आधीच लाडका झालेला चिमणराव उभा होता. अशा वेळी दोन सोपे रस्ते असतात. आधीच्याची नक्कल करायची, नाहीतर मुद्दाम उलटं काहीतरी करायचं. प्रभावळकरांनी पुस्तकातला माणूस धरला. घाबरट, सज्जन, आपल्याच घरात भांबावलेला. आणि तो इतका जमला, की पुढच्या पिढीसाठी चिमणराव म्हणजे तेच.

खरा धोका सुरू होतो तो इथे. एवढी मोठी लॉटरी लागल्यावर काय होतं? पुढची दहा वर्षं चिमणरावच मागितला जातो. नाव बदलतं, धोतराची पँट होते, पण आत तोच भांबावलेला सज्जन. अनेकांचं करिअर इथेच मस्त स्थिरावतं आणि इथेच थांबतं. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’मध्ये अशोक सराफांच्या भुताबरोबर त्यांची जोडी धमाल जमली. द. मा. मिरासदारांनी लिहिलेला हा सिनेमा आजही टीव्हीवर लागला की चॅनल बदलवत नाही. विनोदी नट म्हणून दुकान थाटायला एवढं पुरेसं होतं. त्यांनी दुकान थाटलं नाही.

एकच दुःख, दोन बाजूंनी

त्यांनी काय केलं ते बघायचं असेल, तर दोन कलाकृती शेजारी ठेवून बघा.

पहिली, जयवंत दळवींचं नाटक ‘नातीगोती’. मतिमंद मुलाच्या आई-बापाची गोष्ट. प्रभावळकर त्यात बाप. रोज ऑफिसला जाणारा, घरी आल्यावर या वाढत्या मुलाचं काय करायचं, आपण गेल्यावर त्याचं काय होणार, या विचाराने आतून पिचलेला मध्यमवर्गीय बाप.

दुसरी, १९९१ चा, संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’. इथे प्रभावळकर स्वतःच नंदू. शरीराने पुरुष, मनाने लहान मूल. त्याला जिवापाड सांभाळणारी आई सुलभा देशपांडे. तेव्हा प्रभावळकरांनी पंचेचाळिशी ओलांडली होती!

म्हणजे एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना हा नट जाऊन आला. नंदू करताना थोडा जरी तोल गेला असता, तरी ती नक्कल झाली असती. वाकडं तोंड, अडखळणं, टाळ्या. आपण सिनेमात असल्या नकला भरपूर पाहिल्यात. नंदूत त्यातलं काही नाही. तो हसतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर हसतो, त्याला हसत नाही. हा फरक जमवण्यासाठी नटाला स्वतःचा इगो घरी ठेवून यावं लागतं.

माझी आई ‘चौकट राजा’ पुन्हा बघत नाही. ‘एकदा बघितला, बास,’ म्हणते. याहून मोठी पावती कुठली असेल, मला माहीत नाही.

मिळत नाही? मग लिहा!

आता या करिअरमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. पेन.

आपल्याला हव्या तशा भूमिका मिळाल्या नाहीत की नट काय करतात? वाट बघतात. निर्मात्यांना फोन करतात. मुलाखतीत इंडस्ट्रीला नावं ठेवतात. प्रभावळकरांनी नाटक लिहिलं. त्याचं नाव ‘हसवाफसवी’. एक नट, सहा भूमिका, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. एका विंगेत जाऊन दुसऱ्या विंगेतून वेगळाच माणूस होऊन यायचं! वेश, चाल, वय, आवाज, सगळं नवीन. त्या सहा जणांमधले कृष्णराव हेरंबकर हे थकलेले संगीत नट आठवत नाहीत असा नव्वदच्या दशकातला मराठी नाट्यरसिक सापडणं कठीण. सबंध संध्याकाळ हसवल्यानंतर हा म्हातारा हळूच घसा दाटून आणतो.

आमच्या घरी या नाटकाचा किस्सा सांगितला जातो. प्रयोग बघताना बाबांनी म्हणे मध्येच आईला विचारलं, ‘प्रभावळकर कधी येणार?’ तोवर ते तीनदा येऊन गेले होते!

पुढे हे नाटक पुष्कर श्रोत्रीनेही केलं. म्हणजे बघा, स्वतःसाठी शिवलेला कोट दुसऱ्यालाही बसला. लेखन पक्कं असल्याशिवाय हे होत नाही.

लेखनाची ही सवय एका नाटकापुरती नव्हती. ‘गुगली’सारखं विनोदी लेखन, मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ (यावर २००९ मध्ये सिनेमा आला), ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे नाटक आणि २०१७ मध्ये त्याच नावाची मालिका, शिवाय ‘एक खेळिया’ हे स्वतःच्या प्रवासावरचं पुस्तक. आणि ‘अनुदिनी’. वृत्तपत्रातलं हे सदर म्हणजे टिपरे नावाच्या एका साध्या कुटुंबाची रोजनिशी. त्यातूनच २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर केदार शिंदेंच्या दिग्दर्शनात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली.

टिपऱ्यांबद्दल माझ्या पिढीला सांगायची गरज नाही. आम्ही ती मालिका आधी मांडीवर बसून बघितली आणि मग रिपीट टेलिकास्टला पाठ केली. कट-कारस्थान नाही, तीन-तीन वेळा वळणारे कॅमेरे नाहीत, दागिने घालून झोपणाऱ्या सासवा नाहीत. घरात नवीन वस्तू येते, मुलगा काहीतरी उद्योग करून ठेवतो, सून वैतागते, आबा मिश्कील काहीतरी बोलून जातात. एवढंच. पण गोष्ट मुळात ज्याने लिहिली तोच आजोबा म्हणून घरात बसला होता, हे जाणवायचं. आबांना ठाऊक होतं, या घरात कोण कधी चिडणार!

तात्याचा घसा

आणि मग तो. ज्याच्यामुळे आमच्या घरातली एक निष्पाप बाहुली चार महिने ट्रंकेत कोंडून राहिली.

महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला येऊन पडतो बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेकडे. हाडामांसाचा तात्या प्रभावळकर, आणि बाहुल्याचा आवाजही प्रभावळकर. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा.

आता जरा विचार करा. हाडामांसाचा तात्या पडद्यावर असतो थोडाच वेळ. उरलेला सगळा सिनेमा नटाच्या हातात ना डोळे, ना भुवया, ना चाल. बाहुल्याचा जबडा हलणार, मान वळणार, बस्स. राग, कावेबाजपणा, घाई, भीती, सगळं आवाजातूनच यायला हवं. त्यातून अडचण अशी, की हा आवाज खरोखर धडकी भरवणारा निघाला तर पोरं थिएटरातून उठून जातील, आणि नुसता मजेशीर निघाला तर त्याला कुणी घाबरणार नाही. प्रभावळकरांनी तो घोगरा, खरखरीत, जरा खेकसणारा आवाज अशा बेताने लावला, की भीती आणि हसू एकदमच येतं. हातभर उंचीच्या बाहुल्यात सहा फुटी गुंडाचा माज! २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, तेव्हाही तात्याला आवाज त्यांचाच होता.

आवाजाचं काम करणाऱ्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘माइकसमोर पण बॉडी लागतीय भावा. उभं राहिल्याशिवाय गुंड येत न्हाई.’ बरोबर आहे. हातात बाहुला असो, कार्टून असो की रेडिओवरची जाहिरात, आवाज हा काही गळ्यात वेगळा बसवलेला पार्ट नाही. विदुर, चेटकीण, हेरंबकर, हे सगळे आधी शरीराने करून झाले होते. तात्याचा घसा त्या तालमींतून आलाय. पुढे विजय केंकरेंबरोबर त्यांनी ‘पत्रापत्री’चं अभिवाचन केलं. दोन वयस्क मित्रांची एकमेकांना पत्रं. तिथेही मुख्य काम आवाजाचंच होतं, फक्त या वेळी अगदी हळुवार.

बासष्टाव्या वर्षी बापू

२००६. ‘लगे रहो मुन्नाभाई’. गांधीजींची भूमिका म्हणजे नटासाठी सापळाच. आधी बेन किंग्जलीपासून कितीतरी जण करून गेलेले. त्यातून हा सिनेमा विनोदी, आणि हे बापू दिसणार फक्त मुन्नाला. जरा गंभीर झाले तर सिनेमा प्रवचन होणार, जरा सैल झाले तर लोक चिडणार. प्रभावळकरांनी काय केलं? जवळजवळ काहीच नाही! शांत बसले, हळू बोलले, मिश्कील हसले. मुन्नाच्या दंग्यासमोर तो शांतपणाच भारी पडला.

त्या वर्षीचा, म्हणजे ५४ वा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता म्हणून मिळाला. तो ‘लगे रहो’बरोबरच ‘शेवरी’ या मराठी सिनेमासाठीही होता. अख्ख्या देशाने ‘हे कोण?’ म्हणून विचारलं, तेव्हा त्यांचं वय होतं बासष्ट. कॉर्पोरेट भाषेत बोलायचं तर रिटायरमेंटनंतरचं प्रमोशन!

मग बापूंच्या प्रतिमेत अडकून सज्जन म्हाताऱ्यांच्या भूमिकांची रांग लावली का? नाही. ‘एन्काउंटर : द किलिंग’मधला गँगस्टर त्याआधीच, २००२ मध्ये करून झाला होता. बापूंनंतर दोनच वर्षांनी, २००८ च्या ‘सरकार राज’मध्ये ते राजकारणातले रावसाहेब झाले. धोतर तेच असेल, पण माणूस पुरता वेगळा. २०११ च्या ‘देऊळ’मध्ये गावातला विचारी अण्णा, २०१३ च्या ‘नारबाची वाडी’त आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीला चिकटून राहिलेला खट नारोबा.

आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’. सुबोध खानोलकर दिग्दर्शक. प्रभावळकर झाले बाबुली मेस्त्री, कोकणातले वृद्ध दशावतारी कलावंत. दशावतार ज्यांनी जत्रेत रात्रभर जागून पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, तिथे लिहिलेली संहिता हातात नसते. कथा माहीत असते, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे असतात. स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवायचा असतो. राजा असो, राक्षस असो की स्त्री, पहाटेपर्यंत रंग टिकवायचा. म्हणजे नट, लेखक आणि आवाज हे तिन्ही एकाच माणसात! एक्क्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकरांना मिळालेली ही भूमिका बघताना मला वाटलं, की सत्तरच्या दशकापासून हा माणूस वेगवेगळ्या वाटांनी इथेच तर येत होता.

सोमवार

हे सगळं वाचून कुणी असा निष्कर्ष काढेल, की ‘चला, नोकरी धरून ठेवा, साठीत नाव होईल.’ तसं नाही हो. अशी गॅरंटी कुणीच देत नाही. प्रभावळकरांसारखं काम करणाऱ्या प्रत्येकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळत नसतो. कितीतरी गुणी माणसं दुसऱ्या अंकातल्या नोकराच्या भूमिकेत निवृत्त झाली. मला यातून दिसलं ते एवढंच. साचा तोडायला दरवेळी नोकरी सोडावी लागत नाही, आणि नोकरी सोडली म्हणून साचा आपोआप तुटत नाही. फायलींचा माणूस उद्या स्टुडिओत गेला, तर तिथे ‘गुंडाच्या आवाजाचा माणूस’ होणारच. शिक्का मारणारे सगळीकडे आहेत. प्रश्न असा, की शिक्क्याची शाई वाळायच्या आत आपण दुसरं काही करून बसलेलो असतो का?

सोमवारी रात्री मित्राचा फोन आला नाही. एक ऑडिओ क्लिप आली. दोन मिनिटांची. त्यात ऑफिसचंच एक पत्र होतं. ‘आपल्या कर्जाचा हप्ता थकला आहे’ छापाचं, महाकंटाळवाणं. ते त्याने पाच आवाजांत वाचलं होतं. गुळाच्या पेढीवर बसणारे जुने शेठजी, कुंभार गल्लीतली एक आजी, सीबीएसवरचा कंडक्टर, तालमीतला पैलवान आणि राजारामपुरीत क्लासला जाणारी बारावीची पोरगी. पाचही जण कोल्हापूरचे. पाचही जण पूर्ण वेगळे. कंडक्टरने ‘हप्ता थकला आहे’ म्हटल्यावर मी खोलीत एकटा मोठ्याने हसलो. आजीने तेच वाक्य म्हटलं, आणि माझं हसू थांबलं.

मी फोन लावला. ‘राजीनाम्याचं काय?’

‘ड्राफ्टमध्ये हाय. सहा महिन्यांनी बघू. पण भावा, एक कळलं. कोल्हापुरी आवाज म्हणून एक आवाज नसतोयच की! त्या स्टुडिओवाल्याला एकच ऐकू आला, तो त्याचा प्रॉब्लेम.’

हीच क्लिप त्याने दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी पाठवली. एका ठिकाणाहून उत्तर आलंय. काम छोटंच आहे, पण भूमिका म्हातारीची आहे!

परवा कुंभार गल्लीतून येताना थांबलो. साच्यातून काढलेल्या मूर्तींची रांग लागली होती आणि एक काका हातात बारीक ब्रश घेऊन एकेका मूर्तीचे डोळे आखत होते. मी विचारलं, ‘डोळे साच्यातच येत नाहीत का हो?’

काकांनी मान वर न करताच सांगितलं, ‘न्हाई येत. ते हातानंच काढावं लागत्यात.’

चौकट : या वीकेंडला काय बघाल?

एक डाव भुताचा (१९८२): ऑफिसचा शीण घालवायला. अशोक सराफ आणि प्रभावळकर, बास!

चौकट राजा (१९९१): रुमाल जवळ ठेवा.

झपाटलेला (१९९३): या वेळी डोळे मिटून फक्त तात्याचा आवाज ऐका.

श्रीयुत गंगाधर टिपरे: जेवताना एक भाग. मन हलकं होईल.

लगे रहो मुन्नाभाई (२००६): बापू कमीत कमी काय करतात, ते बघा.

दशावतार (२०२५): एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस काय करू शकतो, त्याचा पुरावा.